‘माझा वही’ : मुलांची घरची भाषा आणि आपला वर्ग

पाणंद (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. गेल्या आठवड्यात आमच्या केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत एका नव्या शिक्षकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, पोरं तोंडच उघडत नाहीत. करायचं काय?" चौदा वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी विचारत फिरत होते. चहा संपेपर्यंत त्याला जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पण मन भरलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. शिक्षण सेवक म्हणून पहिली नेमणूक मिळाली ती अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या धारणी तालुक्यात. द्विशिक्षकी शाळा, पट बत्तीस, आणि बत्तीसच्या बत्तीस मुलं कोरकू. घरात कोरकू, बाजारात हिंदी, आणि मराठी फक्त शाळेच्या चार भिंतींत. म्हणजे माझ्यासाठी जी मायबोली, ती त्यांच्यासाठी तिसरी भाषा. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात फळ्यावर अननस काढला. ‘अ अननसाचा’. मुलं गप्प. मी पुन्हा विचारलं, हे काय? बऱ्याच वेळाने एक मुलगा हळूच म्हणाला, "मक्का." त्याच्या शेतात मका होता, चित्रातल्या फळालाही कणसासारखे दाणे दाणे आणि वर तुरा. त्याने जे पाहिलं होतं त्याच्याशी अगदी बरोबर सांधा जोडला होता. मी म्हटलं, "चूक." त्यानंतर तो मुलगा दिवाळीपर्यंत माझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला उठला नाही. आजही तो ‘चूक’ शब्द आठवला की जीव कासावीस होतो.

वह्या तपासताना तर लाल शाई पुरायची नाही. ‘माझा वही’, ‘मोठा झाड’, ‘माझा आई’. मी दुरुस्त करून द्यायची, दहा वेळा लिहायला लावायची, पुढच्या आठवड्यात परत ‘माझा वही’. मला वाटायचं पोरांचं लक्ष नाही. माझ्याआधीच्या शिक्षकांनीही जाताना सांगितलं होतं, "इथली पोरं जरा मंदच आहेत, मनाला लावून घेऊ नका."

उलगडा झाला तो पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींमुळे. त्यांच्याकडून मी चार-दोन कोरकू वाक्यं शिकत होते. एकदा दारात उभ्या असलेल्या दोन मुलांबद्दल मी ऐटीत कोरकूत काहीतरी बोलले आणि अख्खा वर्ग हसायला लागला. मावशी हसतच म्हणाल्या, "मॅडम, वो तो दोच है ना!" कोरकूत एक माणूस म्हणजे ‘कोरो’, दोन माणसं म्हणजे ‘कोरोकिंग’ आणि दोनापेक्षा जास्त म्हणजे ‘कोरकू’. संस्कृतातलं द्विवचन आपण शाळेत घोकून पाठ केलं, ही मुलं ते आईच्या मांडीवर शिकून आली होती. कोरकू या नावाचा अर्थच मुळी ‘माणसं’ असा आहे, हेही मला त्या दिवशी कळलं.

मग मी जरा शोधत गेले. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संताळी आणि मुंडारीची बहीण. मराठीशी तिचं नातं नाही. तिच्यात आपल्यासारखं पुल्लिंग-स्त्रीलिंग-नपुंसकलिंग नाही. शब्दांचे गट पडतात ते सजीव आणि निर्जीव असे. आता सांगा, वही ‘ती’ का आणि कागद ‘तो’ का, हे त्या मुलाने कशावरून ओळखायचं? वही काही बाई नाही! खरं तर आपल्याकडेही त्याला कारण नाही, आपण फक्त लहानपणापासून ऐकत आलो. मुलं त्यांच्या व्याकरणाप्रमाणे बिनचूक विचार करत होती आणि मी त्यांना नापास करत होते.

त्यानंतर लाल पेन बंद केलं. मुलांना सांगितलं, "तुमच्या भाषेत वस्तूला तो-ती नसतं, मराठीत असतं. हे पाठच करावं लागतं, मलाही तुमचं पाठ करावं लागतंय." तो-ती-तेची तीन खोकी केली, वस्तू उचलायची आणि योग्य खोक्यात टाकायची. खोकं चुकलं तर कुणी हसायचं नाही, कारण कोरकूच्या खोक्यांत मॅडमही चुकायच्या.

आणि एक सुंदर गोष्ट सापडली. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत ना? हिंदीत दोन्हीला एकच ‘हम’. कोरकूत मात्र हा फरक आहे, ‘आले’ म्हणजे आम्ही, ‘आबुंग’ म्हणजे आपण सगळे. शिवाय दोघांसाठीचे आम्ही-आपण निराळे. मराठीतला हा बारकावा शहरातली हिंदी घरातून आलेली मुलं कितीदा चुकतात. माझी कोरकू मुलं एकदाही चुकली नाहीत. मी त्यांना तसं म्हटलं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. शाळेच्या भिंतीवर ‘आमची शाळा’ लिहिलं होतं, ते बघून चौथीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही पण आहात ना इथे? मग ‘आपली’ पाहिजे." रंग आणून आम्ही ती पाटी बदलली.

सगळं असं गोड नव्हतं. दसऱ्याला मी उत्साहाने कागदाचा रावण करून घेतला, मैदानात जाळायचा म्हणून. दुसऱ्या दिवशी एक आजी शाळेत आल्या, दाराशीच बसल्या. रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, जाळणार का? मेळघाटातले कोरकू होळीनंतर मेघनाथाची पूजा करतात, रावणालाही मानतात. मला तोवर पत्ताही नव्हता. मी तो कागद गुंडाळून ठेवला आणि आजींची माफी मागितली. त्या वर्षीच्या होळीला त्यांनीच मला घरी नेलं. कोरकूंचा सगळ्यात मोठा सण होळी, दिवाळी नव्हे. पाच दिवस गाव शाळेत येत नाही. मी मात्र दोन वर्षं हजेरीपटावर ‘गैरहजर’ मांडत होते आणि ‘माझी दिवाळी’ हा निबंध लिहून घेत होते.

तर मला इथल्या शिक्षकांना, पालकांना विचारायचंय. तुमच्या वर्गात घरची भाषा वेगळी, सण वेगळे, खाणं वेगळं अशी मुलं असतात तेव्हा तुम्ही काय करता? कुठे अडता? आणि तुमच्यापैकी जे अशा वर्गात विद्यार्थी म्हणून बसले असतील त्यांनी तर नक्की लिहा.

---

इंद्रावतीकाठ

ताई, फार मनापासून लिहिलंत. मी गडचिरोलीत भामरागड भागात नोकरी केली. आमच्याकडे माडिया. गोंडी-माडिया या द्राविडी कुळातल्या, म्हणजे तेलुगूच्या गोतावळ्यातल्या. त्यामुळे अडचणी वेगळ्या, पण ‘पोरं मंद आहेत’ हे वाक्य तेच.

माझा अनुभव गणिताचा आहे. पाचवीतला एक मुलगा, सातचा पाढा म्हणता म्हणता अडायचा. बेचाळीसनंतर गाडी पुढे जायची नाही. मे महिन्यात मी गावातच होतो, तेंदूचा हंगाम. पहाटे सगळं घर जंगलात, दुपारी सावलीत बसून पुडे बांधणं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात त्या जागी, नेऊन देणं. आपल्या राज्यात एका पुड्यात सत्तर पानं आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. हा पठ्ठ्या पाच-पाच पानं बोटांत धरून चौदा वेळा ठेवायचा, पुडा तयार. मोजताना ओठसुद्धा हलत नव्हते. मी विचारलं, सहा पुड्यांची पानं किती? "चारशे वीस." नऊ पुड्यांची? "सहाशे तीस." सातचाच पाढा की हो तो, शून्य लावलेला! माझ्या वर्गात तो नापास आणि फळीवर मुनशीचा हिशोब चुकला तर दाखवून देणारा.

जूनमध्ये मी पाढे तेंदूच्या पुड्यांवरून सुरू केले. पानं नव्हती म्हणून पळसाची आणली. वर्ग जंगलासारखा दिसायचा, पण भागाकारसुद्धा दोन आठवड्यांत झाला.

---

हिशोबी

धागा आवडला, पण एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. दहावीचा पेपर कोरकूत किंवा माडियात येणार नाही. पोलीस भरती, तलाठी भरती, सगळं मराठीत. मी स्वतः वाड्यावरच्या धनगर घरातला. आमच्या गुरुजींनी बोली घासून घासून काढली, छड्या खाल्ल्या, पण त्यामुळेच आज मी ऑफिसात चार लोकांत बोलू शकतो. मुलांना त्यांच्याच भाषेत रमवत बसलो तर ती तिथेच राहतील. शहरातल्या शिक्षिकेला संस्कृतीचं कौतुक परवडतं, पोराच्या बापाला नोकरी हवी असते. कडू वाटेल, पण लिहिलं.

---

पाणंद

हिशोबीदादा, कडू अजिबात वाटलं नाही. हा प्रश्न मला गावातल्या बापांनीच सगळ्यात आधी विचारला. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक जण उभे राहून म्हणाले, "कोरकू तर आम्ही घरी शिकवतो, तुम्ही मराठी शिकवा." बरोबर होतं त्यांचं.

मराठी यायलाच हवी, आणि पक्की यायला हवी. माझं म्हणणं फक्त क्रमाबद्दल आहे. पोराला ‘मिया, बारी, आफई, उफून, मोनोई’ येतं. म्हणजे पाच ही संख्या त्याला कळलेली आहे. मी त्यावर ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ हे नवे शब्द चढवले तर त्याला फक्त शब्द शिकायचेत. पण मी कोरकू आकडे म्हणायचेच नाहीत असा दम भरला तर त्याला संख्याही नव्याने शिकायची आणि शब्दही. दुप्पट ओझं. वाचनाचं तसंच. अक्षर म्हणजे आवाजाचं चित्र, ही गोष्ट एकदा स्वतःच्या भाषेतल्या शब्दांवर कळली की मराठी शब्द वाचायला तीच युक्ती चालते. कोरकू देवनागरीत छान लिहिता येते. पहिलीचे पहिले तीन-चार महिने मी जवळजवळ निम्मं बोलणं कोरकूत ठेवायची, दिवाळीनंतर मराठी वाढवत न्यायची, तिसरीत वर्ग बहुतेक मराठीत. सगळ्यांना जमलं असं नाही. दोन मुलं तिसरीतही अडखळत वाचायची आणि त्यांच्यासाठी मी काय कमी केलं हे मला अजून नीट सांगता येत नाही.

तुमच्या छड्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. तुम्ही पुढे आलात ते तुमच्या हिमतीवर आलात, छडीने आलात असं मला नाही वाटत. तुमच्याबरोबर बसलेली किती मुलं तिसरी-चौथीत मेंढरांमागे परत गेली, ते आठवून बघा.

---

हिशोबी

आमच्या वर्गात अकरा जण होतो वाड्यावरचे. दहावीला मी एकटा. यावर जरा विचार करतो.

---

सातपुडा_पाऊस

ताईंनी ‘विद्यार्थी म्हणून बसलेल्यांनी लिहा’ म्हटलं म्हणून लिहितोय. माझी घरची भाषा पावरी, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडचा. आश्रमशाळेत शिकलो, आता नाशिकला नोकरी करतो.

पहिल्या दिवशी गुरुजी जे बोलले त्यातला एकही शब्द मला कळला नाही. सगळे उभे राहिले की उभा राहायचं, बसले की बसायचं, एवढं मी शिकलो. लघवीला जाऊ का, हे मराठीत विचारता येत नव्हतं. पुढे काय झालं ते लिहीत नाही, समजून घ्या. त्यानंतर वर्षभर मला त्यावरून चिडवत होते.

आमच्याकडे ‘रानटी भाषा बोलू नका’ असा नियम होता. जो पावरीत बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात पाटी. ती पाटी माझ्या गळ्यात दोन दिवस होती. सुट्टीत घरी गेलो आणि आई बोलायला लागली तर मला तिची लाज वाटली. सात वर्षांच्या पोराला स्वतःच्या आईची लाज वाटली. मराठी मला आज उत्तम येते, हे तुम्ही वाचताच आहात. पण माझ्या मुलीशी मी पावरीत बोलायला सुरुवात केली ती ती चार वर्षांची झाल्यावर. आधी तोंडातून शब्दच फुटत नव्हता.

हिशोबीदादांचं मला पटतं आणि नाहीही. नोकरी मिळाली. पण ते दोन्ही मिळू शकलं असतं, हे ताईंचं वाचून पहिल्यांदा वाटलं.

---

पाणंद

सातपुडा_पाऊस, तुमचा प्रतिसाद तीन वेळा वाचला. पहिलीच्या शिक्षकाने पहिल्या दिवशी मुलांच्या भाषेत निदान पाच गोष्टी म्हणायला शिकून यावं. पाणी हवंय का, लघवीला जायचंय का, पोट दुखतंय का, भूक लागली का, घाबरू नकोस. एवढं तर प्रशिक्षणाशिवाय जमतं, शेजारच्या घरात जाऊन विचारलं की झालं. मी स्वतः ते तिसऱ्या महिन्यात शिकले.

---

कायदाकानू

चर्चेत एक भर. हे सगळं शिक्षकाच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. संविधानाचा अनुच्छेद ३५० क, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेला, भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला राज्यांना सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम २९ मध्ये शिक्षणाचं माध्यम शक्य तितकं मुलाची मातृभाषा असावं असं लिहिलंय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा असं म्हटलंय. ‘शक्य तितकं’ आणि ‘शक्य तिथे’ या शब्दांत सगळं अडतं. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास तीस लाख आणि कोरकू बोलणारे सव्वासात लाखांच्या घरात. यातली एकही भाषा आठव्या अनुसूचीत, म्हणजे संविधानातल्या भाषांच्या यादीत, नाही. मुंडा कुळातली फक्त संताळी २००३ च्या दुरुस्तीने आत आली. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने तर वाट न बघता स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली.

---

खाडीपलीकडे

मी मुंबईत शिकवते. आमच्या महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात. ऐकायला छान वाटतं, पण माझ्या मराठी माध्यमाच्या वर्गात बघाल तर निम्मी मुलं भोजपुरी, बंजारा, वडारी घरांतली. पाणंदताईंकडे बत्तीस मुलांची एक भाषा होती, माझ्याकडे चाळीस मुलांच्या सहा. मी कोणकोणती शिकू? हा प्रश्न खरंच मदतीसाठी विचारतेय.

---

कोसबाडची

खाडीपलीकडे, सहाही भाषा यायलाच हव्यात असं नाही. मुलांकडून काढून घेता येतं. मी डहाणू तालुक्यातली, म्हणून आमच्या मातीतलं सांगते. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर, पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली पोरं शाळेत येईनात. का येईनात हे पाहिलं तर ती गुरांमागे कुरणात. मग शाळाच कुरणात नेली, तिचं नावच कुरणशाळा. आणि महागड्या माँटेसरी साहित्याऐवजी खडे, बिया, शंख, पानं. अंगणात भरली ती अंगणवाडी. आज देशभर वापरला जाणारा शब्द इथून निघालाय.

त्यांना वारली किती यायची मला माहीत नाही, पण मूल कुठे आहे आणि त्याच्या हातात काय आहे हे त्या आधी बघायच्या. तुमच्या सहा घरांत सहा प्रकारच्या भाकऱ्या-रोट्या होत असतील. एक दिवस प्रत्येकाने आपल्या घरचा शब्द फळ्यावर लिहायचा. तुम्ही फक्त खडू द्या.

---

उसाचं_पाचट

बीडकडचा शिक्षक. आमच्याकडे भाषा मराठीच, जात-गाव तेच, तरी वर्ग दोन तुकड्यांत फाटलेला. दिवाळीनंतर निम्मा पट कारखान्याला. आईबाप कोयत्यावर (ऊसतोडीला) गेले की पोरंही त्यांच्या मागोमाग. शिक्षण हमी पत्रक देतो, हंगामी वसतिगृहं असतात, तरी बरीच जातात. मार्च-एप्रिलला परत येतात तेव्हा ‘राहिलेला अभ्यास’ म्हणून मी त्यांना मागे बसवायचो. गेल्या वर्षी एकीला विचारलं, तिकडे काय केलंस? तिने फडातून गाडी कशी भरतात, मोळी कशी बांधतात, टनाला काय मिळतं, उचल कशी फिटते हे सगळं सांगितलं. पहिल्या बाकावरची मुलं तोंड उघडं टाकून ऐकत होती. तिला मी सहा महिने ‘मागे पडलेली’ म्हणत होतो. ताई, तुमचा धागा वाचून परवा तिला फळ्याशी बोलावलं आणि उचलीचा हिशोब तिनेच मांडला.

---

दूरदेशी

अमेरिकेत प्राथमिक शाळेत शिकवते. इथे याच विचाराला शिक्षण-अभ्यासक ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ च्या सुमारास ‘कल्चरली रेलेव्हंट पेडागॉजी’ (मुलाच्या संस्कृतीशी जोडलेलं शिकवणं) असं नाव दिलं आणि आता बऱ्याच ठिकाणी प्रशिक्षणात तो असतो. मला आवडलेलं उदाहरण हवाईचं आहे. १९७० च्या दशकात होनोलुलूत स्थानिक हवाईयन मुलं वाचनात मागे पडत होती, शिक्षकांची तक्रार अशी की ती एकावेळी एक बोलत नाहीत, एकमेकांच्या बोलण्यात घुसतात. पण त्यांच्या घरी गोष्ट सांगायची पद्धतच तशी, सगळ्यांनी मिळून एक गोष्ट विणायची. वाचनाच्या तासाला तसं बोलू दिलं आणि मुलं वाचायला लागली. आपल्याकडे लग्नघरात चार मावश्या मिळून एकच प्रसंग सांगतात, तस्संच ना?

---

नवा_मास्तर

मॅडम, शिक्षण परिषदेत तुम्हाला विचारणारा तो मीच! तुम्ही सांगितलं होतं म्हणून खातं काढलं. काल पोषण आहाराच्या मावशींना पाच वाक्यं विचारून घेतली. त्या म्हणाल्या, आजवर कुणी विचारलं नव्हतं. पण दोन वाक्यांचे उच्चार मुलांना कळेनात. काय करू?

---

पाणंद

मस्त! उच्चार मावशींकडून नाही, मुलांकडून घे. पहिलीतल्या सगळ्यात गप्प मुलाला शेजारी बसव आणि त्याला तुझी चूक काढायला सांग. पहिल्या दिवशी काढणार नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी काढेल. एक दोनशे पानी वही कर, एका बाजूला त्यांचा शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि खाली ज्या मुलाने शिकवला त्याचं नाव. माझी पहिली वही शाळेतच आहे, ‘मक्का’वाल्या मुलाचं नाव त्यात सत्तेचाळीस वेळा आलंय. मोहाचे दिवस आले की पहाटे मुलं झाडाखाली असणार, तेव्हा शाळेची पहिली तासिका फुलं मोजण्याची ठेवता येते का ते मुख्याध्यापकांशी आत्ताच बोलून ठेव, मार्चमध्ये उशीर होतो. रविवारी माझ्या वहीतले पहिलीला लागणारे शब्द इथे टंकून टाकते. तुझ्या गावात वेगळं म्हणत असतील तर मुलांचंच धर.